नेटवर्क मार्केटिंगचा प्रस्ताव लोकांपुढे कसा मांडावा : नव्या वितरकांसाठी मार्गदर्शन

नेटवर्क मार्केटिंगमध्ये, म्हणजेच थेट विक्रीच्या व्यवसायात, नव्याने आलेल्या माणसाला सुरुवातीलाच ओळखीच्यांची यादी करायला सांगितले जाते आणि त्या यादीतल्या लोकांना ‘प्लॅन’, म्हणजे कंपनीच्या कामाची आणि कमिशनची मांडणी, बघायला कसे आणायचे हे शिकवले जाते. विषय गुलदस्त्यात ठेवून बोलवा, कोणी खोदून विचारले तर ‘भेटल्यावर सांगतो’ म्हणा, नकार आला तर त्यावरचे उत्तर तोंडपाठ ठेवा, असा तो साधारण पाठ असतो. मी प्लॅन बघणाऱ्यांमध्येही बसलो आहे आणि पुढे उभा राहून तो दाखवलाही आहे. त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की अशा युक्त्यांनी जॉइनिंग मिळते, टिकणारा माणूस मिळत नाही. ज्याला व्यवसायाची जमेची आणि खर्चाची बाजू सारखीच दाखवली आणि ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक दिली, त्याचा होकारच पुढे उपयोगी पडतो.

पुढच्या पायऱ्या त्याच धोरणाने लिहिल्या आहेत. कायद्याचा जो भाग आला आहे तो भारतातल्या नियमांचा आहे.

हाताशी काय असावे

कोणालाही फोन करण्याआधी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये जमवून ठेवाव्यात.

- कंपनीशी झालेला लेखी करार आणि कंपनीने दिलेले ओळखपत्र
- उत्पादनांची अधिकृत किंमत यादी
- माल परत करण्याचे, बदलून देण्याचे आणि पैसे परत मिळण्याचे नियम, छापील स्वरूपात
- कंपनीने मान्यता दिलेला प्लॅनचा दस्तऐवज, ज्यात कमिशन कशावर आणि किती मिळते हे लिहिलेले असते
- कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क
- स्वतःच्या जमा-खर्चाची वही

शेवटची वस्तू बहुतेकांकडे नसते, आणि प्लॅन दाखवताना सर्वाधिक गरज तिचीच पडते. ती का, हे पाचव्या पायरीत येईल.

१. आधी आपलीच कंपनी तपासा

ज्या गोष्टीची शहानिशा तुम्ही स्वतः केलेली नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. तपासायचा मुख्य मुद्दा एकच आहे : पैसा कुठून येतो? तो माल वापरणाऱ्या ग्राहकांच्या खरेदीतून येत असेल तर ती विक्री आहे. नव्याने आलेल्यांच्या प्रवेशातून येत असेल तर ती साखळी योजना आहे, मग तिला नाव काहीही असो. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ हे २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले आणि त्यांनी पिरॅमिड योजना, म्हणजे अशाच साखळी योजना, तसेच पैसा फिरवणाऱ्या योजना चालवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. पैसा फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि तिथे केवळ योजना चालवणाराच नव्हे, तर लोकांना त्यात ओढणाराही अडचणीत येतो.

स्वतःला काही साधे प्रश्न विचारा. व्यवसायात नसलेला माणूस हे उत्पादन याच किमतीला पुन्हा विकत घेईल का? नुसती आयडी टाकल्याबद्दल, म्हणजे नवा माणूस नोंदवल्याबद्दल, कोणाला पैसे मिळतात का? पडून राहिलेला माल कंपनी परत घेते का, आणि किती मुदतीत? सुरुवातीलाच मोठे पॅकेज घेण्याची सक्ती आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचे ‘हो’ येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवावा आणि आधी स्वतःच्या सहभागाचा फेरविचार करावा.

२. ग्राहक आधी, डाउनलाइन नंतर

तुम्ही ज्यांच्यामार्फत जोडले गेलात ती अपलाइन आणि तुम्ही जोडलेली माणसे ती डाउनलाइन. अपलाइन बहुधा उलटा क्रम सांगते : आधी दोन किंवा तीन लेग, म्हणजे डाउनलाइनच्या शाखा, उभे करा, विक्री आपोआप होईल. प्रत्यक्षात ज्याने स्वतः कधी माल विकलेला नाही त्याच्याकडे दाखवायला काहीच नसते. तो फक्त दुसऱ्यांच्या यशाच्या गोष्टी सांगू शकतो. म्हणून प्रस्ताव घेऊन बाहेर पडण्याआधी काही महिने निव्वळ विक्री करावी, आणि ती अशा लोकांना की ज्यांना वितरक व्हायचे नाही. ते दुसऱ्यांदा मागणी करतात का, किंमत ऐकून काय म्हणतात, कोणती वस्तू परत करतात, याची नोंद ठेवावी.

इथे एक सापळा आहे. दर महिन्याचे पॉइंट (खरेदीवर मोजले जाणारे गुण) भरून काढण्यासाठी किंवा रँक टिकवण्यासाठी स्वतःच माल घेऊन घरात साठवणे ही विक्री नाही. कपाटात पडलेली खोकी हिशेबात ‘उलाढाल’ म्हणून दिसतात, पण ती तुमच्या खिशातून गेलेली रक्कम असते. तुम्ही ज्याला प्लॅन दाखवणार आहात, तोही उद्या हेच करणार असेल, तर त्याला कमाईची आशा दाखवण्याला अर्थ नाही.

३. यादी करताना कोणाला वगळावे

शंभर नावे लिहा, कोणाबद्दलही आधीच ठरवून टाकू नका, असे सांगतात. नावे जरूर लिहावीत, पण त्यातली काही स्वतःच्या हाताने खोडावीत. कर्जाच्या हप्त्यांनी बेजार झालेला, नुकतीच नोकरी गेलेला, घरात आजारपण किंवा दुःख असलेला माणूस तुमचे म्हणणे चटकन ऐकेल. नेमक्या त्याच कारणासाठी त्याच्याकडे हा प्रस्ताव नेऊ नये. त्याला या महिन्यात पैसे हवे आहेत आणि हा व्यवसाय या महिन्यात पैसे देत नाही.

तुमच्या हाताखाली काम करणारे, तुमचे विद्यार्थी, तुमच्याकडे उपचार घेणारे, तुमच्या उपकाराखाली असलेले, अशांनाही वगळावे. त्यांना नकार देणे जड जाते, म्हणून त्यांच्या होकाराला किंमत उरत नाही. जवळच्या नातेवाइकांच्या बाबतीत माझा सल्ला असा की त्यांना आधी ग्राहक म्हणून विचारावे, तेही एकदाच. उरलेल्या यादीत ज्यांना विक्रीची आवड आहे, ज्यांच्याकडे आठवड्याचे काही तास खरोखर मोकळे आहेत आणि ज्यांचे घर या उत्पन्नावर अवलंबून राहणार नाही, अशांच्या नावांपुढे खूण करावी. यादी छोटी होते, पण कामाची होते.

४. पहिल्या संभाषणात काय बोलावे

सगळ्यात जास्त बिघाड याच पायरीवर होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ. ‘एक भारी संधी आहे’, ‘एका मोठ्या माणसाशी तुझी ओळख करून द्यायची आहे’, ‘ऑनलाइन काम आहे, येऊन तर बघ’, अशी वाक्ये ऐकून आलेला माणूस खुर्चीत बसल्यावर खरे काय ते ओळखतो, आणि त्यानंतर तुम्ही कितीही चांगले बोललात तरी त्याच्या मनात एकच गोष्ट राहते की आपल्याला फसवून आणले. लग्नाचे, वाढदिवसाचे किंवा नुसत्या चहाचे निमंत्रण देऊन तिथे प्लॅन काढणे हा त्यातलाच प्रकार.

२०२१ च्या नियमांनुसार विक्रीचे बोलणे सुरू करतानाच विक्रेत्याने स्वतःची आणि कंपनीची ओळख, मालाचे स्वरूप आणि भेटीचा हेतू स्पष्ट व खरेपणाने सांगायचा असतो. ग्राहकाच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय जायचे नसते. म्हणजे विषय न सांगता बोलावणे हे शिष्टाचाराला धरून नाहीच, शिवाय नियमांशीही मेळ खात नाही.

फोनवर बोलताना साधारण असे म्हणता येईल :

“नमस्कार, तुम्हाला आत्ता पाच मिनिटे वेळ आहे का? मी अमुक कंपनीची उत्पादने विकतो. हे नेटवर्क मार्केटिंग आहे, हे आधीच सांगतो. तुम्हाला विक्रीचा अनुभव आहे, म्हणून या कामाविषयी तुमच्याशी अर्धा तास बोलावे असे वाटले. माहिती घ्यायची इच्छा असेल तर वेळ ठरवू. इच्छा नसेल तर तसे सांगा, मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

या बोलण्यात चार गोष्टी आल्या आहेत : विषयाचे नाव, याच माणसाला विचारण्याचे खरे कारण, लागणारा वेळ आणि बाहेर पडायचा मार्ग. कारण खरेच असावे. समोरच्यात काही विशेष दिसले म्हणून फोन केला असेल तर ते सांगावे. उगाच स्तुती करून सुरुवात केली की ती लगेच ओळखू येते. ‘नेटवर्क मार्केटिंग’ हे नाव ऐकताच बरेच लोक फोनवरच नकार देतील. तो नकार दोघांचाही वेळ वाचवतो, आणि त्या माणसाशी तुमचे संबंध जसेच्या तसे राहतात.

संदेश पाठवून विचारायचे असेल तर तो एकेकाला नावाने लिहावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये, कोणाला न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नये, आणि स्टेटसवर नोटांचे, गाड्यांचे किंवा चेकचे फोटो लावू नयेत.

५. प्लॅन कसा दाखवावा

जागा शांत असावी, आणि शक्य असेल तर घरातली दुसरी जबाबदार व्यक्तीही सोबत असावी, कारण पैशाचा आणि वेळेचा निर्णय बहुधा घरात मिळूनच होतो. मोठ्या सेमिनारला नेण्याची घाई करू नये. तिथले संगीत, टाळ्या आणि व्यासपीठावरचे सत्कार यांनी माणूस भारावतो, आणि भारावलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

मांडणीचा क्रम असा ठेवावा : आधी उत्पादन, मग ग्राहक, मग काम, मग खर्च आणि सर्वांत शेवटी कमाई. बहुतेक सादरीकरणे स्वप्नांपासून सुरू होतात. तुम्ही वस्तूपासून सुरू करा. ती हातात द्या, किंमत सांगा, बाजारात तशाच वस्तूची किंमत काय आहे तेही सांगा. फरक असेल तर तो कशामुळे आहे याचे उत्तर तुमच्याकडे हवे.

आरोग्याशी संबंधित उत्पादन असेल तर फार जपून बोलावे. पूरक आहाराच्या वेष्टनावर ते औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशी सूचना असते. ती समोरच्याला बोट ठेवून वाचायला द्यावी. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे होतात अशा जाहिरातींना १९५४ च्या औषधे व चमत्कारिक उपाय विषयक कायद्याने मनाई केली आहे. ‘आमच्या एका डाउनलाइनच्या आईच्या गोळ्या बंद झाल्या’ हे वाक्य तर कधीही उच्चारू नये. ते ऐकून कोणी खरोखर गोळ्या बंद करील, आणि त्याची भरपाई कोणतेही कमिशन करू शकणार नाही.

आता जोडलेली माणसे दाखवण्यासाठी फळ्यावर काढतात ती वर्तुळे. ‘तुम्ही सहा जण आणा, ते सहा प्रत्येकी सहा आणतील’ हे गणित दाखवायला सोपे आणि ऐकायला गोड असते. ते पुढे नेऊन पाहा. पहिल्या पातळीवर ६, दुसऱ्यावर ३६, तिसऱ्यावर २१६, चौथ्यावर १,२९६. अकराव्या पातळीवर हा आकडा ३६ कोटींच्या पुढे जातो आणि तेराव्या पातळीवर १,३०० कोटी ओलांडतो, जेव्हा पृथ्वीची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी वर आहे. वर्तुळे काढायचीच असतील तर त्यांच्या शेजारी हेही सांगावे की बहुतेक जाळी दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवरच थांबतात, कारण जोडलेल्यांपैकी बरेच जण थोड्याच काळात काम सोडतात. कमिशनची रचना समजावताना वर्तुळे न काढता एका ग्राहकाच्या एका खरेदीपासून सुरुवात करावी : या विक्रीवर वितरकाला किती टक्के मिळतात, अपलाइनला किती, आणि ते कधी खात्यात जमा होतात.

कमाईचा भाग येतो तेव्हा जमा-खर्चाची वही उघडावी. पेआउटचा, म्हणजे कंपनीकडून मिळालेल्या कमिशनचा, आकडा एकटा सांगू नये. त्यातून कापलेला टीडीएस, पॉइंटसाठी स्वतः घेतलेला माल, प्रवास, फोन, सभागृहाचे आणि सेमिनारचे पैसे, नमुने म्हणून वाटलेली उत्पादने, हे सगळे वजा करून जे उरते ते सांगावे, आणि त्यासाठी किती तास दिले तेही सांगावे. काही उरले नसेल तर तसेच सांगावे. अपलाइनच्या किंवा व्यासपीठावरच्या मोठ्या नावाच्या कमाईचा दाखला देऊ नये. तो आकडा तुम्हाला पडताळता येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही येत नाही.

हा आग्रह मी विनाकारण धरत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने १९७९ मध्ये ॲमवे या थेट विक्री कंपनीच्या प्रकरणात दिलेला निर्णय या व्यवसायाच्या बाजूचा म्हणून वारंवार सांगितला जातो. ती योजना पिरॅमिड नाही असे त्यात ठरले, आणि त्यामागे माल परत घेण्याची तरतूद, घेतलेल्या मालाचा मोठा भाग विकला गेलाच पाहिजे हा नियम आणि दर महिन्याला किमान दहा ग्राहकांना विक्री दाखवण्याची अट, ही कारणे होती. मात्र त्याच निर्णयात कमाईचे फुगवलेले चित्र दाखवण्याबद्दल कंपनीवर ठपकाही होता, आणि हा भाग सेमिनारमध्ये सहसा सांगितला जात नाही. याच आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ७० कंपन्यांची कमाईविषयक निवेदने तपासून अहवाल दिला. त्या निवेदनांतल्या आकड्यांनुसार बहुतेक सहभागींना वर्षाला एक हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, आणि बहुतेक निवेदनांत खर्च धरलेलाच नव्हता. ही माहिती समोरच्याला तुमच्याकडून मिळाली तर तो तुमच्यावर विश्वास ठेवील. ती त्याला नंतर दुसरीकडून कळली तर ठेवणार नाही.

आणखी दोन बंधने लक्षात ठेवावीत. कंपनीने मान्य न केलेले साहित्य, मग ते अपलाइनने स्वतः बनवलेले स्लाइड असोत की कोणी पाठवलेला व्हिडिओ, प्लॅन दाखवताना वापरू नये. आणि ‘तुम्ही घ्या, चार जणांना घ्यायला लावा, तुमचे पैसे वसूल’ असे सांगून माल विकू नये. नियमांना दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

६. प्रश्न आले की

प्रश्नाला ‘ऑब्जेक्शन’ समजून त्यावर पाठ केलेले उत्तर फेकायची सवय मोडून काढावी. माणूस विचारतो तेव्हा त्याला माहिती हवी असते.

‘ही चेन आहे का?’ असे विचारले तर चिडू नये. कमिशन कशावर मिळते ते करारातल्या त्या कलमावर बोट ठेवून दाखवावे. ‘तुम्ही किती कमावता?’ याचे उत्तर वहीत आहे. ‘मला विकता येत नाही’ याला ‘विकायचे काहीच नाही, फक्त शेअर करायचे’ हे उत्तर खोटे आहे. विकावे लागते, आणि ज्याला ते आवडत नाही त्याने या कामात येऊ नये. ‘माल परत केला तर?’ याचे उत्तर छापील नियमांतून वाचून दाखवावे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर तो लिहून घ्यावा, कंपनीकडे विचारावा आणि सांगितलेल्या दिवशी कळवावे. समोर बसल्या बसल्या अपलाइनला फोन लावून त्याच्या हाती तो माणूस सोपवू नये. दोघांनी मिळून एकावर दाब आणण्याचाच तो प्रकार होतो.

७. विचार करायला वेळ द्या

त्याच बैठकीत फॉर्म भरून घेऊ नये, माणूस तयार असला तरीही. कागद त्याच्याकडे द्यावेत, करार घरी नेऊन वाचायला सांगावे आणि कोणत्या दिवशी बोलायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. ‘आज जॉइन झालात तर वरची जागा मिळेल’, ‘ऑफर रात्री बारापर्यंतच आहे’ अशी घाई लावली की शहाणा माणूस उठून जातो आणि भिडस्त माणूस सही करतो. दुसरा परिणाम पहिल्यापेक्षा वाईट.

ठरल्या दिवशी एकदा फोन करावा. ‘नाही’ म्हटले तर आभार मानून विषय संपवावा. ‘बघू’, ‘सांगतो’ असे दोनदा आले तर तेही नकारच समजावे, कारण आपल्याकडे ओळखीच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे लोकांना जमत नाही. नकार देणाऱ्याला भित्रा किंवा नोकरीत अडकलेला म्हणून हिणवण्याची जी पद्धत काही टीममध्ये आहे, तिच्यापासून दूर राहावे.

८. होकार आल्यानंतर

लेखी करार झाल्याशिवाय पैसे किंवा कागदपत्रे घेऊ नयेत. पैसे थेट कंपनीच्या खात्यावर भरायला सांगावे, स्वतःच्या खात्यावर किंवा रोख घेऊ नये, आणि पावती त्याच्याच नावाने निघाली आहे ना ते बघावे. त्याचे आधार, पॅन आणि बँकेचे तपशील फॉर्म भरून झाल्यावर आपल्या फोनमधून काढून टाकावेत. आयडीचा पासवर्ड त्यानेच ठेवावा आणि त्यानेच बदलावा.

करारात कूलिंग-ऑफ कालावधी असतो, म्हणजे त्या मुदतीत दंड न भरता करारातून बाहेर पडता येते. ती मुदत कोणत्या तारखेला संपते हे त्याच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून द्यावे. तिच्या दोन दिवस आधी स्वतःहून फोन करून विचारावे की निर्णय कायम आहे का. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही त्याच दिवशी द्यावा.

पहिली ऑर्डर छोटी असावी, एका महिन्यात जेवढी विकता किंवा वापरता येईल तेवढीच. पहिल्या ग्राहकाकडे त्याच्यासोबत जावे, पण बोलणे त्याला करू द्यावे. आणि जमा-खर्चाची एक कोरी वही त्याला द्यावी, ज्याच्या पहिल्या ओळीत त्याने त्या दिवशी भरलेली रक्कम खर्चाच्या रकान्यात लिहिलेली असेल.